प्रमाण आणि प्रचीती

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यात, मालेगाव आणि मेहकर यांच्या दरम्यानच्या मुलखात वसलेले केनवड हे गाव इतिहासाच्या ग्रंथांत नावाने क्वचितच भेटते. परंतु ज्या परगण्यांच्या आणि जिल्ह्यांच्या सीमा त्याच्या आजूबाजूने शतकानुशतके आखल्या व पुसल्या गेल्या, त्यांचा वृत्तान्त मात्र मोठा आहे. ‘ऐन-ई-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याची जी सरकारे नोंदली आहेत त्यांत बाशीम (आजचे वाशीम) आणि मेहकर ही दोन्ही नावे आढळतात; पुढे हा मुलूख निजामाच्या अमलाखाली गेला, 1853च्या तहनाम्याने हैदराबाद कंटिंजंट फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांच्या हवाली झाला, 1905 साली स्वतंत्र बाशीम जिल्हा मोडून बाशीम व मंगरूळ हे तालुके अकोल्याला जोडले गेले, आणि 1998 साली वाशीम हा जिल्हा पुन्हा उभा राहिला. दप्तरे एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत गेली, अंमलदार बदलले, साऱ्याचे दर बदलले. या सर्व उलथापालथीत रयतेच्या मनातला एक प्रश्न मात्र जुनाच राहिला, आणि तो देवाविषयीचा होता. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींचा मुक्काम मेहकरला आणि लोणारला झाल्याचे ‘लीळाचरित्र’ सांगते, तेव्हा परमेश्वर एक की अनेक, देवतांच्या भजनाने जीव सुटतो की गुंततो, हा विचार या मातीत संस्कृताचा आश्रय न घेता, थेट मराठीत, बायाबापड्यांना कळेल अशा बोलीत झालेला आहे. शिरपूरला जैनांचे अंतरिक्ष पार्श्वनाथ, कारंज्याला नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान, पोहरादेवीला बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, आणि या सर्वांच्या मधून पंढरीला जाणाऱ्या दिंड्या : धर्मविचाराच्या बाबतीत हा प्रदेश कधीच मुका नव्हता.

अशा प्रदेशात ख्रिस्ताचे नाव उशिरा आले, आणि ते आल्यानंतरचा इतिहास बहुधा दोनच तऱ्हांनी लिहिला गेला. एका तऱ्हेत परदेशी मिशनऱ्यांच्या कष्टांचे गुणगान असते, दुसरीत आमिष आणि दडपण यांचा आरोप असतो. या दोहोंत ज्या मराठी माणसांनी प्रत्यक्ष विश्वास ठेवला त्यांच्या मनाचा ठाव कोणीच घेत नाही. त्यांनी स्वतःला कोणती कारणे दिली, ती कारणे कितपत टिकली, आणि बाप्तिस्म्याच्या दिवसानंतर वीस-तीस वर्षांत त्या विश्वासाचे काय झाले, हे विचारले तर हाती येणारा इतिहास फार निराळा आहे. माझ्या मते ख्रिस्तविश्वासाची मराठी परंपरा या दोन गोष्टींच्या, प्रमाणाच्या आणि प्रचीतीच्या, संबंधातून घडली आहे. प्रमाणाने माणूस उंबरठ्यापर्यंत आला, आणि आत आल्यावर घर आपले झाले की नाही हे पुढच्या वर्षांनी ठरवले.

आरंभ अर्थातच वादाने झाला, आणि तो वाद मोठ्या योग्यतेच्या माणसांत झाला. 1839 साली जॉन म्यूर या स्कॉटिश संस्कृतज्ञाने ‘मतपरीक्षा’ नावाचा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहून ख्रिस्ती धर्माची सत्यता पंडितांपुढे मांडली, तेव्हा त्याला उत्तर देणाऱ्यांत सिहोरचे सुबाजी बापू हे महाराष्ट्रीय पंडित होते, आणि थोड्याच वर्षांनी काशीत वाढलेला एक कोकणस्थ तरुण, नीळकंठशास्त्री गोऱ्हे, ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा ग्रंथ घेऊन पुढे आला. हाच नीळकंठ, ज्याने विशीच्या आतबाहेर ख्रिस्ती मताचे खंडन संस्कृतात केले, तो 1848 साली जौनपूर येथे बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या गोऱ्हे झाला. आणि त्यानंतरच्या सत्तेचाळीस वर्षांत या माणसाने विश्वासाच्या कारणांचा जितका कसून विचार केला तितका मराठी भाषकांत क्वचितच कोणी केला असेल. 1860 साली त्याने हिंदीत ‘षड्दर्शनदर्पण’ लिहिला, त्यात सांख्य, न्याय, वेदान्त या दर्शनांच्या मूळ सिद्धान्तांशी तो त्यांच्याच परिभाषेत झगडला. जीव हा अनादी आहे की ईश्वराने निर्माण केलेला, पाप हे केवळ अज्ञान आहे की ईश्वराविरुद्ध घडलेला अपराध, आणि अपराध असेल तर त्याची क्षमा कर्माच्या नियमात बसते कशी, हे त्याचे प्रश्न होते, आणि ते अजूनही जुने झालेले नाहीत.

गोऱ्हे यांच्या बाबतीत मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी की बाप्तिस्म्याने त्यांच्या शंका संपल्या नाहीत. जन्मभर त्यांच्या मनाला संशयाचे झटके येत राहिले. एका चर्चमधून दुसऱ्या चर्चपरंपरेकडे ते वळले, 1876 साली इंग्लंडला जाऊन काउली येथील संन्यस्त मंडळात उमेदवार म्हणून राहिले, भारतात परतून अत्यंत अल्प गरजांत, जवळजवळ जुन्या वैदिक ब्रह्मचाऱ्याच्या वृत्तीने जगले, आणि 1895 साली मुंबईत वारले. महाराजा दुलीपसिंगांबरोबर इंग्लंडला जाऊन राणी व्हिक्टोरियाच्या दरबाराचे वैभव पाहिलेला हा पंडित उत्तरायुष्यात कसा राहत असे हे वाचले म्हणजे त्याचा तर्क आणि त्याचे जीवन यांत फट नव्हती याची खात्री पटते. शंका आली की तो ती दडपून टाकत नसे आणि तिच्या भरात विश्वास सोडूनही देत नसे. पुन्हा ग्रंथ उघडी, पुन्हा प्रार्थनेला बसे, पुन्हा कोणाला तरी पत्र लिही. श्रद्धेची वाढ ही शंकांच्या अभावाने मोजायची नसते, हे त्याच्या चरित्रावरून जितके स्पष्ट होते तितके प्रवचनांतून होत नाही.

त्याच काळी मुंबईत वादाचा फड अधिक उघडा होता. मिशनरी जॉन विल्सन आणि पंडित मोरभट दांडेकर यांचा वाद 1831च्या सुमारास गाजला. 1857 साली समुद्रकिनारी विष्णुबावा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जी जाहीर चर्चा झाली तिला हजारो श्रोते जमत आणि ती पुढे ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. विष्णुबावांनी ख्रिस्ती मतावर घेतलेले आक्षेप बळकट होते, आणि त्या आक्षेपांनी मराठी ख्रिस्ती लेखकांना उथळ राहू दिले नाही, याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी असले पाहिजे. बेळगावच्या बाबा पदमनजींनी 1854 साली बाप्तिस्मा घेतला. ‘यमुनापर्यटन’ लिहून त्यांनी विधवांच्या दुःखाला मराठी कादंबरीत पहिले स्थान दिले, आणि ‘अरुणोदय’ या आत्मवृत्तात आपले मन सुधारणेच्या, परमहंस मंडळी या सुधारक संघाच्या आणि बायबलाच्या वाचनातून कसे हळूहळू पालटत गेले ते संयमाने सांगितले. त्यांच्यापाशीही तडकाफडकी झालेला पालट नाही. सत्य पटल्यावरसुद्धा वडिलांचे दुःख, जातीचा बहिष्कार, घर तुटण्याची भीती यांनी वर्षानुवर्षे पाय मागे ओढल्याचा तो प्रांजळ वृत्तान्त आहे.

हा सगळा खटाटोप पुणे, मुंबई आणि काशी या शहरांतला. वऱ्हाडच्या वाटेला तो लागला तो जालन्याकडून. 1843 साली मुंबईत रॉबर्ट नेसबिट यांच्याकडून बाप्तिस्मा घेतलेला नारायण शेषाद्री हा ब्राह्मण तरुण, ज्याच्या धाकट्या भावाच्या, श्रीपतीच्या, ताब्याच्या खटल्याने व शुद्धीच्या वादाने सारे मराठी समाजमन ढवळून निघाले आणि बाळशास्त्री जांभेकरांना आपल्याच सनातनी बांधवांशी झुंजावे लागले, तो पुढे जालन्याला आला. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात, कंटिंजंटच्या छावणीचे ठाणे. मेहकरकडून सिंदखेडराजावरून उतरणारी वाट तिथेच जाते. शेषाद्रींनी निजाम सरकारचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जालन्याजवळ जमीन मिळवली आणि तिच्यावर बेथेल नावाचे गाव वसवले, ज्यात गावकुसाबाहेरच्या जातींतून आलेले नवख्रिस्ती शेती आणि कारागिरी करीत. जो ब्राह्मण शास्त्रार्थाच्या जोरावर ख्रिस्ती झाला त्याने आपले उरलेले आयुष्य ज्यांना शास्त्राचे नावही ऐकण्याची मुभा नव्हती त्यांच्या वस्तीसाठी वेचावे, हा त्या काळच्या इतिहासातला अर्थपूर्ण योग आहे. जमिनीची सनद, विहिरीची खोदाई, शाळेचा पट या व्यवहारी गोष्टींतून त्याचे प्रमाण लोकांना समजले; ज्याला न्यायशास्त्र येत नव्हते त्यालाही बेथेलमध्ये आपले नाव सरकारी दप्तरी रयत म्हणून लागले, ही गोष्ट नीट समजत होती.

यापुढे येते ती पंडिता रमाबाई, आणि तिच्यापाशी थोडे अधिक थांबणे मला आवश्यक वाटते, कारण या निबंधाचा सारा विषय तिच्या एकटीच्या आयुष्यात सापडतो. 1858 साली गंगामूळच्या अरण्यात जन्मलेली, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या घरी संस्कृत शिकलेली ही मुलगी आईबापांबरोबर तीर्थे हिंडली, 1870च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप गमावून बसली, भावाबरोबर पायी देशभर फिरली, कलकत्त्याला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवून बसली आणि लग्नानंतर दोन वर्षांच्या आत विधवा झाली. पुण्याला असताना गोऱ्हे यांच्याशी तिचा परिचय झाला. 1883 साली ती इंग्लंडला गेली, तेव्हा ख्रिस्ती होण्याचा विचार तिच्या मनात नव्हता. तिथे वाँटेज येथील भगिनींच्या मठात ती राहिली. त्यांच्या लंडनमधील फुलहम येथील आश्रमात नेऊन तिला ज्या स्त्रिया दाखवण्यात आल्या त्या समाजाने वाया गेलेल्या म्हणून टाकलेल्या होत्या, आणि त्यांची सेवा इतर स्त्रिया प्रेमाने करीत होत्या. आपल्या देशात अशा स्त्रियांसाठी शास्त्रात कठोर दंड आहे, इथे दया का, हा प्रश्न तिने एका भगिनीला विचारला, आणि त्या भगिनीने उत्तरादाखल योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय तिच्यापुढे वाचला.

हा चौथा अध्याय विहिरीचा आहे. भर दुपारी विहिरीवर एकटी आलेली शोमरोनी स्त्री, जिच्याशी बोलणे यहुदी पुरुषाला निषिद्ध, जिच्या भांड्यातले पाणी पिणे त्याहून निषिद्ध. आणि वाटेने थकलेला येशू तिच्याजवळ पाणी मागतो, तिचे सारे आयुष्य तिला सांगतो, आणि ईश्वराची उपासना या डोंगरावर की यरुशलेमात या वादाला बाजूला सारून आत्म्याने व सत्याने उपासना करण्याची गोष्ट या बहिष्कृत स्त्रीशी बोलतो. रमाबाईला इथे जे प्रमाण मिळाले त्याला तीन पदर होते : फुलहमला डोळ्यांनी पाहिलेली दया, त्या दयेचा उगम दाखवणारा ग्रंथ, आणि गोऱ्हे यांनी तिला लिहिलेली पत्रे, ज्यांत त्यांनी असा मुद्दा मांडला की प्रार्थनासमाजातील सुज्ञ मंडळी ज्या दयाळू पित्यासमान ईश्वराची कल्पना स्वाभाविक बुद्धीची मानतात ती प्रत्यक्षात ख्रिस्ताच्या प्रकटीकरणातूनच त्यांच्यापर्यंत पोचलेली आहे. 29 सप्टेंबर 1883 या दिवशी वाँटेजला तिने आपली मुलगी मनोरमा हिच्यासह बाप्तिस्मा घेतला.

येथे बहुतेक चरित्रकार समाधानाचा सुस्कारा सोडतात. रमाबाईने मात्र सोडला नाही. पुढची काही वर्षे तिचा आणि तिला शिकवणाऱ्या भगिनी जेराल्डीन व चेल्टनमच्या कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील यांचा जो पत्रव्यवहार झाला त्यात ती त्रैक्याच्या सिद्धान्ताविषयी, कुमारीजन्माविषयी, चर्चच्या अधिकाराविषयी निर्भीड शंका विचारते; एका धर्मगुरूंच्या हुकुमाच्या जाळ्यातून सुटून दुसऱ्यांच्या हुकुमात अडकणार नाही, हा तिचा आग्रह त्या पत्रांतून ठळकपणे दिसतो. आपल्या विवेकाला पटेल तेवढेच मान्य करीन असे म्हणणारी ही नवख्रिस्ती स्त्री अनेकांना उद्धट वाटली. मला ती प्रामाणिक वाटते. पुढे 1907 साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत तिने स्वतःच सांगितले की बाप्तिस्म्याच्या वेळी तिला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण स्वतः ख्रिस्त सापडायला आणखी आठ वर्षे लागली. शारदासदन ही विधवांची शाळा 1889 साली मुंबईत उघडून, तेथून पुण्याला नेल्यावर, एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त वाचताना तिला कळले की आपण ज्या गोष्टी मान्य केल्या त्यांवर आपण अजून विसंबलेलो नाही. मान्य करणे आणि विसंबणे, या दोहोंमधले आठ वर्षांचे अंतर तिने लपवले नाही, हे तिचे मराठी धर्मसाहित्यावर फार मोठे उपकार आहेत. कारण अनेक सश्रद्ध माणसे आयुष्यभर त्या अंतरातच राहतात आणि ते अंतर आहे हे कबूल करायला लाजतात.

1896-97च्या दुष्काळात ती मध्य प्रांतात गेली, आणि ज्या उपासमारीत तिने स्वतः आईबाप गमावले होते तीच उपासमार भोगणाऱ्या मुली व बायका घेऊन केडगावला परतली; तिथे मुक्तिसदन उभे राहिले. या मुलींनी शेती केली, विणकाम केले, छापखान्यात खिळे जुळवले, आणि रमाबाईने हिब्रू व ग्रीक शिकून साध्या मराठीत जे संपूर्ण बायबल उतरवले त्याची जुळणी त्याच मुलींच्या हातांनी झाली. शिशाच्या खिळ्यांची पेटी पुढ्यात घेऊन बसलेली, काही वर्षांपूर्वी रस्त्याच्या कडेला मरणाच्या दारी पडलेली एक मुलगी एकेक अक्षर उचलून उत्पत्तीच्या पुस्तकाची ओळ बांधते आहे, हे चित्र डोळ्यांपुढे आणावे. त्या मुलीला विश्वासाची कारणे विचारली असती तर ती षड्दर्शनांपासून सुरू झाली नसती, पण तिच्या उत्तराला वजन होते. रमाबाई 5 एप्रिल 1922 रोजी वारली. तोवर ते भाषांतर तिने पुरे केले होते.

आता वऱ्हाडात परत यावे. नागपूरला स्टीफन हिस्लॉप 1845 सालीच येऊन शाळा काढून बसला होता, आणि त्याच्या नावाचे महाविद्यालय 1883 साली सुरू झाले. अकोल्याला अमेरिकन अलायन्स मिशनची माणसे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली, त्यांतल्या जेनी फुलरने हिंदी स्त्रियांच्या दुःखावर लिहिलेल्या पुस्तकाला रमाबाईचीच प्रस्तावना आहे. बाशीमला मेथॉडिस्ट मिशनने, बुलढाण्याला नाझरीन मिशनने ठाणी केली, आणि 1930च्या दशकात बाशीमचे काम नाझरीन मंडळाकडे आले. वाशीमचे रेनॉल्ड्स मेमोरियल हॉस्पिटल त्याच दशकातले, डॉ. ऑर्फा स्पायकर या अमेरिकन डॉक्टर बाईंनी त्यात आपल्या आयुष्याची उमेदीची वर्षे घातली. केनवडसारख्या गावांतून अडलेली बाळंतीण बैलगाडीत घालून वाशीमला नेण्याचे ते दिवस. डांबरी सडक सर्वत्र नव्हती, पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले की ओढणारे बैलही खाली बसत. अशा प्रवासाच्या शेवटी जे दार उघडे सापडले त्याच्यावर कोणाचे नाव लिहिले आहे, हे लोकांनी विचारले. विचारणे साहजिक होते.

इथे आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रामाणिक वाटत नाही. 1896-97 आणि 1899-1900 या दोन दुष्काळांनी वऱ्हाडला जो फटका दिला त्यात मिशनांनी अनाथालये काढली, कामे दिली, धान्य दिले, आणि त्या काळात जे ख्रिस्ती झाले त्यांच्याविषयी पोटासाठी धर्म सोडला हे वाक्य गावोगाव ऐकू येते. पोटाची भूक हे विश्वासाचे कारण होऊ शकत नाही, हे खरेच. पण भुकेल्याला कोण धावून आले ही गोष्ट कारणांच्या यादीतून खोडून टाकता येईल असेही मला वाटत नाही. ज्यांना धान्यच हवे होते त्यांनी सुगी आल्यावर वाट बदलली असेल. ज्यांनी बदलली नाही, मुलाबाळांसह ख्रिस्ताचे नाव घेत राहिले, जातीचा बहिष्कार आणि चेष्टा दोन्ही सोसली, त्यांच्या चिकाटीला धान्याचे कारण पुरत नाही. 1954 साली मध्य प्रदेश सरकारने, ज्यात तेव्हा वऱ्हाड सामील होते, न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करण्यासाठी समिती नेमली आणि तिचा अहवाल 1956 साली आला; त्या अहवालाने जे प्रश्न उभे केले त्यांना ख्रिस्ती समाजाने रागापेक्षा स्वतःच्या अंतःकरणाच्या झडतीने उत्तर द्यायला हवे होते.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. वऱ्हाडच्या गावांत पाणवठे वेगळे होते. महाराच्या घागरीला पाटलाच्या विहिरीचा दोर मना होता. अशा गावात चावडीमागे किंवा वडाच्या पारावर एखादी बायबलबाई किंवा गावप्रचारक योहानाचा चौथा अध्याय मराठीत वाचून दाखवी, तेव्हा विहिरीवरची ती गोष्ट ऐकणाऱ्याला भाष्याची गरज पडत नव्हती. कोणी कोणाजवळ पाणी मागितले, हे ऐकून त्याचा श्वास थबकत असे. पण तोच माणूस ख्रिस्ती झाल्यावर चर्चमध्ये त्याच्या शेजारी कोण बसले, प्रभुभोजनाचा एकच पेला कोणी नाकारला, लग्ने कोणत्या जातीत ठरली, हे प्रश्न उभे राहिले, आणि त्यांची उत्तरे नेहमीच ख्रिस्ताच्या उत्तरासारखी नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1935 साली येवल्याला धर्मांतराची घोषणा केल्यावर इतर धर्मांचा जो अभ्यास केला, त्यात ख्रिस्ती झालेल्या अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी स्वतंत्रपणे लिहिले आणि चर्चमध्ये जात शिल्लक राहिली हा आरोप ठेवला. 1956 साली नागपूरला त्यांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला आणि वऱ्हाडातला फार मोठा समाज त्यांच्यामागे गेला. विहिरीवरचे ते वचन ज्यांच्यासाठी सर्वांत अर्थपूर्ण होते त्यांच्यापर्यंत ते जिवंत रूपात पोचवण्यात आम्ही कमी पडलो, हे या इतिहासातले कटू सत्य आहे, आणि विश्वासाची कारणे कितीही सुसंगत असली तरी ती जगणाऱ्या माणसांच्या वर्तनाने खरी किंवा खोटी ठरतात, हे त्यातून दिसते.

नारायण वामन टिळकांना ही गोष्ट लवकर कळली होती. 1861 साली करजगावी जन्मलेले हे कवी नागपूरला विद्वान पंडितांच्या वर्तुळात असताना, राष्ट्राला ऐक्य देईल असा नवा धर्म आपणच रचावा या विचारात गुंतले होते. त्याच सुमारास नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले. टिळकांना ते वेडगळपणाचे वाटले. तरी डोंगरावरील प्रवचन वाचायला घेतले आणि ते हातातून सुटेना. जे तत्त्व ते स्वतः जुळवू पाहत होते ते इथे आधीच सांगितलेले, आणि सांगणाऱ्याच्या आयुष्यात उतरलेले आढळले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी म्हटले की आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकारामाच्या पुलावरून. आणि ते शोभेचे बोल नव्हते, कारण त्यांच्या भजनांत, अभंगांत, ‘ख्रिस्तायन’ या काव्यात तो पूल ठामपणे उभा आहे. 1917 साली मिशनचा पगार सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले, आणि जातपात व पंथभेद ओलांडणारा ‘देवाचा दरबार’ त्यांनी आरंभिला.

पण विश्वासाच्या वाढीचा प्रश्न जर मला कोणी विचारला तर मी टिळकांकडे बोट दाखवण्याआधी त्यांच्या पत्नीकडे दाखवीन. लक्ष्मीबाईंपुढे कोणी संस्कृत वाद मांडला नाही. पतीच्या धर्मांतराने त्यांचा संसार मोडला, सुमारे पाच वर्षे त्या दूर राहिल्या, सोवळे अधिक कडक झाले, मनस्ताप अपार झाला. पुन्हा एकत्र आल्यावरही टिळकांनी त्यांना बाप्तिस्म्यासाठी आग्रह केला नाही. मग एकदा जातीच्या भेदांचा विचार करता करता हे भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनी केले आहेत, हे त्यांना लख्ख कळले, आणि त्या दिवसापासून कोणाच्याही हातचे अन्नपाणी त्यांनी घ्यायला सुरुवात केली. बाप्तिस्मा त्यानंतर, 1900 साली आला. म्हणजे प्रथम विहिरीवरचा निर्णय आणि मग उपासनेचा, असा तो क्रम होता, आणि तो शोमरोनी स्त्रीच्या गोष्टीतल्या क्रमाशी जुळतो. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचताना जो हसरा, न घाबरणारा, पोरक्या पोरांना पंखाखाली घेणारा विश्वास दिसतो तो एखाद्या प्रवचनाच्या धक्क्याने आलेला नाही. प्लेगच्या छावणीतल्या शुश्रूषेने, दारिद्र्याने, दारात आलेल्या प्रत्येकाला जेवू घालण्याने तो रोज थोडाथोडा वाढला. 1919 साली टिळक वारले तेव्हा ‘ख्रिस्तायन’ अवघ्या दहाएक अध्यायांपर्यंत आलेले होते. शालेय शिक्षण नसलेल्या या बाईने उरलेले साठाहून अधिक अध्याय रचून ते पुरे केले.

केनवडच्या परिसरातल्या एखाद्या ख्रिस्ती कुटुंबातला तरुण आज पुण्याला किंवा नागपूरला शिकायला जातो, तिथे त्याला विचारले जाते की तू हे का मानतोस, आणि त्याच्यापाशी बहुधा दोनच उत्तरे असतात : घरात मानतात म्हणून, किंवा मला अनुभव आला म्हणून. दोन्ही उत्तरे खोटी नाहीत, पण दोन्ही अपुरी आहेत, आणि त्यांची पूर्तता करणारी सामग्री त्याच्याच भाषेत, त्याच्याच पूर्वजांनी लिहून ठेवली आहे. रविवारच्या उपासनेत टिळकांची गीते आम्ही मनापासून गातो. गोऱ्हे यांच्या पत्रांचे, रमाबाईच्या साक्षीचे आणि शंकांनी भरलेल्या तिच्या पत्रव्यवहाराचे वाचन मात्र आमच्या तरुण मंडळांत होत नाही. वाशीमच्या, मेहकरच्या, रिसोडच्या प्रत्येक मंडळीने ही पुस्तके सुबोध मराठीत छापून घ्यावीत, वर्षातून एक हंगाम त्यांच्या अभ्यासाला द्यावा, आणि त्या अभ्यासाला शेजारचा वारकरी, शेजारचा बौद्ध, शेजारचा मुसलमान यांनाही त्यांचे आक्षेप घेऊन बोलवावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. वाद ऐकण्याचे धैर्य विष्णुबावांच्या काळातल्या मिशनऱ्यांना होते, आम्हांलाही ते असायला काहीच हरकत नाही.